थेंबमहाराजांचा थेंब

“धावले! बघा, बघा, धावले!”

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि सगळं सभागृह खुर्च्या सोडून उभं राहिलं. समोर भिंतभर पांढरा पडदा होता. त्यावर पाण्याचा एकच थेंब, पण भिंगाखाली एवढा मोठा झालेला की त्यात माणूस बुडावा. त्या थेंबात लांबट, पारदर्शक जीव सैरावैरा पळत होते. स्वतःभोवती गिरक्या घेत, एकमेकांना चुकवत, पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाला. थोड्या वेळापूर्वी हेच जीव आजारी माणसासारखे रांगत होते. मध्ये घडलं होतं ते एवढंच, की थेंबमहाराजांनी ती काच आपल्या दोन्ही तळव्यांत धरून डोळे मिटले होते.

“हे काय आहे?” महाराजांनी माइकवर विचारलं.

“प्राण!” सभागृह गरजलं.

“कुणाचे?”

“आमचे!”

“आणि धाववले कुणी?”

याचं उत्तर इतक्या जोरात आलं की छताचे पंखेसुद्धा थरथरले असतील. माझ्या शेजारची बाई पदराने डोळे पुसत होती. मी दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ उभी होते. माझे हात जोडलेले नव्हते आणि डोळेही कोरडे होते. मला एकच गोष्ट हवी होती. हा माणूस याच पडद्यासमोर, याच गर्दीत, स्वतःच्याच तोंडाने धुळीला मिळालेला मला बघायचा होता.

का, ते सांगते.

आमच्या वस्तीत मोठा कारखाना म्हणाल तर एकच, शीतगृह. तिथे फळं, भाज्या, मासे येतात, धुतले जातात, गोठवले जातात आणि खोक्यांत भरून लांबलांब जातात. घराघरातलं कुणी ना कुणी तिथे पाळीवर आहे. पाळी सुटली की माणसं नाकं लाल आणि बोटं पांढरीफटक अशी बाहेर पडतात. फाटकासमोरच एक जुनं सिनेमागृह बंद पडून होतं. थेंबमहाराजांनी ते घेतलं, रंगवलं, बाहेर ‘प्राणदर्शन’ अशी पाटी लावली. सभा रोज पाळी सुटल्या सुटल्या. “दमला जीव देवाच्या जास्त जवळ असतो,” असं ते म्हणायचे. घरी जाऊन हातपाय धुण्याचीही सवड नाही. फाटकातून निघायचं आणि थेट सभेत.

पद्धत अशी. मंचावर काचेचा मोठा घडा, त्यात हिरवट पाणी. त्याचं नाव ‘जीवनकुंड’. मधोमध खळगा असलेली काचेची एक जाड वडी. शिष्य कुंडातल्या पाण्याचा थेंब त्या खळग्यात सोडायचा आणि वडी तुमच्या तळव्यावर ठेवायचा. दुसरा तळवा वर झाकायचा, डोळे मिटायचे. महाराज संथपणे श्वास मोजायला लावायचे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तेवढ्या वेळात तुमच्या प्राणाचा अंश थेंबात उतरायचा. मग वडी भिंगाखाली जायची आणि तुमचा प्राण पडद्यावर.

शीतगृहातल्या माणसांचे प्राण कायम रांगतच निघायचे.

“अरेरे,” महाराज हळहळायचे. “पाहा, कसा ओढत चाललाय स्वतःला. हा बघा, धडकला आणि माघारी फिरला. कशाला धडकला? पापाला! आणि हा कोपऱ्यातला, हात ना पाय, नुसता ओघळतोय. हा तुमचा आळशी पूर्वज. अजून सुटला नाही बिचारा.” मग माणसाकडे वळून, एकदम मऊ आवाजात, “कसल्या गोळ्या घेतोस, बाळा?”

काही ना काही गोळ्या कोण घेत नाही? माणूस मान खाली घालून सांगायचा.

“तेच. गोळ्यांनी प्राण बुळबुळीत होतात.”

मग महाराज तीच वडी स्वतःच्या हातात धरायचे. आणि धावले! माणूस ढसाढसा रडायचा. गोळ्या पितळी परातीत पडायच्या, मंद थेंब म्हणून अन्न बंद व्हायचं, महाराजांनी मंतरलेल्या पाण्याची, ‘प्राणजला’ची, बाटली विकत घेतली जायची. त्यातूनही कुणी शंका काढलीच, तर त्याला त्याच्या सुट्टीच्या दिवशी बोलवायचे. मंचामागच्या खोलीत सकाळभर गरम पाण्यात सेवेची भांडी घासायला लावायचे आणि मग थेंब बघायचे. थेंब चांगला पळायचा. सेवेचं फळ!

आता माझी ताई. आम्हा दोघी बहिणींची लाँड्री, शीतगृहापासून जवळच, त्याच रस्त्यावर. मी गल्ल्यावर आणि धुण्यावर, ताई इस्त्रीवर. तिच्या हृदयाची एक झडप बदललेली होती. रक्तात गाठ होऊ नये म्हणून रोज एक गोळी, जन्मभर. डॉक्टरांनी अगदी बजावून सांगितलं होतं, जेवण चुकलं तरी चालेल, ही चुकवू नका.

भावोजी शीतगृहात. त्यांचा थेंब रांगला, महाराजांनी धाववला, आणि भावोजी त्यांच्या पायाशी जे बसले ते बसलेच. एक दिवस ताईला म्हणाले, “चल, तुझाही बघू.”

ताईने हातातला शर्ट घडी घालून ठेवला, इस्त्री उभी केली आणि हसत मला म्हणाली, “बघून येते गं माझा प्राण कसा दिसतो. गोरा आहे की काळा.”

“ताई, नसते उद्योग करू नकोस.”

“तू पण ना! सिनेमाच आहे, फुकटात.”

तिचा थेंब पडद्यावर आला आणि सभागृह उठून उभं राहिलं. असा थेंब कुणी पाहिलाच नव्हता. जीव नुसते उधळले होते. महाराजसुद्धा क्षणभर गडबडले, पण तो माणूस गडबडीतून वाट काढण्यातच वाढलेला. “हिला गोळ्या? हिला? अरे, ही शंभरी पार करणार! कोणत्या मूर्खाने हिला रुग्ण ठरवलं?”

ताई हसतच परत आली. त्या दिवसापासून तिने गोळी बंद केली, माझं ऐकलं नाही. महिनाही झाला नसेल, एका सकाळी इस्त्री हातात असतानाच ती टेबलावर वाकली. मला वाटलं, काही पडलं म्हणून वाकली. चादर जळल्याचा वास आला तेव्हा मी धावले. डॉक्टर म्हणाले, झडपेत गाठ झाली.

एवढ्यावर थांबलं असतं, तर मी कदाचित देवापुढे बसून रडत राहिले असते. पण दिवस होतात न होतात तोच थेंबमहाराजांनी भरसभेत सांगितलं, “त्या ताईने शेवटी दगा दिला. लपून गोळी घेतली. कुणी दिली? घरातल्याच कुणीतरी. धावत्या घोड्याला विष घातलं.”

घरातली कुणीतरी म्हणजे मी. भावोजींनी माझ्याशी बोलणं टाकलं.

मी देव मानणारी बाई आहे. देवाचं कुणी गाऊन सांगायला बसलं की माझं भान हरपतं. हातातलं काम राहतं, डोळ्यांना धार लागते. म्हणूनच त्या दिवशी माझं डोकं फिरलं. देवाचं नाव घेऊन माझी बहीण मारली, आणि वर तिच्या मरणाचा डागही मलाच लावला! क्षमा करावी, असं फार चांगली माणसं सांगतात. मी तेवढी चांगली नाही.

तरीही मी गप्प बसले असते का, माहीत नाही. पण मग बबी आली.

बबी ताईची मुलगी. शीतगृहात मटार भरायला जाते. लहानपणी तिला झटके यायचे. गोळ्या सुरू झाल्यापासून कित्येक वर्षं एकही आला नव्हता. ती लाँड्रीत आली, काउंटरला टेकून उभी राहिली आणि नखं कुरतडत म्हणाली, “मावशी, माझा थेंब फार वाईट निघाला गं. जवळजवळ मेलेलाच. बाबा म्हणतात, रविवारी सगळ्या गोळ्या परातीत टाक.”

“आणि तू काय म्हणतेस?”

“मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ना, मावशी. पडद्यावर.”

“तुझ्या आईचाही पाहिला होतास.”

ती हळूच म्हणाली, “आईने गोळी घेतली होती म्हणे.”

त्या क्षणी मला एवढंच कळलं, की रविवारपर्यंतचा वेळ आपल्या हातात आहे.

शाळेतल्या विज्ञानाच्या बाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. सुती कपडे, कडक इस्त्री, आणि कॉलर वाकडी आली तर परत पाठवणार. त्या संध्याकाळी त्या कपडे न्यायला आल्या आणि मी त्यांच्यापुढे सगळं ओकले. रागाने म्हणाले, “बाई, सांगा, जिचा थेंब सगळ्यांत जोरात धावला तीच कशी गेली? आणि ज्यांचे रांगतात ते सगळे धडधाकट हिंडतायत!”

बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली.

“परत सांगा. सगळ्यांत जोरात कुणाचा?”

“ताईचा.”

“ती तिथे कशी गेली होती? म्हणजे काय करत होती त्याआधी?”

“काय करणार! इस्त्री. दिवसभर तेच.”

“आणि रांगणारे?”

“सगळे शीतगृहातले.”

बाईंनी अचानक माझा हात धरला. मी नुकतीच चादरींना इस्त्री केली होती.

“तुमचे हात केवढे गरम आहेत हो.”

“मग? इस्त्रीवाल्यांचे असतातच.”

“आणि शीतगृहातल्यांचे?”

“गार!” मी म्हटलं. आमच्या वस्तीत हात म्हणजे गारच. नवरा बायकोला हात लावतो तो गार, आई लेकराला थोपटते तो गार. त्यात वेगळं काही आहे, हे सांगायला गरम हाताचं माणूसच सभेत नसायचं. एकच आली होती, आणि तिच्या उबेला त्या माणसाने शंभर वर्षांचं आयुष्य म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बाई शाळेतला सूक्ष्मदर्शक आणि एक बरणी घेऊन आल्या. बरणीत वाळलेलं गवत टाकून कुजवलेलं तळ्याचं पाणी होतं, मुलांना दाखवण्यासाठी वर्गात ठेवलेलं. वास असा की मी नाकाला पदर लावला. इस्त्रीच्या टेबलावर त्यांनी भिंग मांडलं.

“बघा.”

मी डोळा लावला आणि दचकले. तेच! काचेसारखे लांबट जीव, गिरक्या घेत चाललेले.

“बाई, हे कुणाचे प्राण?”

“कुजक्या गवताचे,” त्या हसल्या. “याला पॅरामेशियम म्हणतात. सगळं शरीर मिळून एकच पेशी. आकार बघा कसा आहे. आमच्या पुस्तकात लिहिलंय, चपलेसारखा.”

“चपलेसारखा?”

“अगदी तळव्यासारखा. म्हणून याला चप्पलजीवच म्हणतात.”

मला हसू आवरेना. ताई गेल्यापासून पहिल्यांदा हसले. शेकडो माणसांना दाराशी चपला काढायला लावून आत चपलांना हात जोडायला लावले होते त्या माणसाने!

बाईंनी काचेखाली बर्फाचं पाणी भरलेली पिशवी धरली, मग मला बघायला लावलं. जीव रांगत होते. मग काच माझ्या तळव्यात दिली. उधळले. पुन्हा गार. पुन्हा ऊब. माझ्याच लाँड्रीत, माझ्याच टेबलावर, श्वास न मोजता, पुण्य न लावता.

“आणि धडकून माघारी फिरतात ते?”

“वाटेत काही आलं की उलटं पोहायचं, थोडं वळायचं, पुन्हा पुढे. तेवढंच येतं त्याला. पापपुण्य नाही येत.”

“आणि तो पूर्वज? ओघळणारा?”

“तो अमीबा. त्याला घाई नसते.”

रविवारी काय करायचं, यावर मात्र आमचं जुळेना. बाईंचं म्हणणं, उभं राहून शांतपणे लोकांना समजावून सांगू. मी म्हटलं, “बाई, समजावून सांगायला तुम्ही उभ्या राहाल, तो दोन गोड शब्द बोलेल, लोक तुम्हाला बसवतील आणि बबी गोळ्या टाकेल. त्याला पडद्यावर आणायला हवं.”

“तुम्हाला सूड हवाय.”

“हवाय. लपवत नाही.”

बाईंनी चष्मा पुसला. “ठीक. पण त्यानंतर मी माझा प्रयोग नीट करणार. सगळ्यांसमोर. नुसता सूड घेऊन लोक शहाणे होत नाहीत. उद्या दुसरा महाराज येईल.”

“करा. पण आधी माझं होऊ द्या.”

महाराजांचा एक नेम होता. सभा सुरू होताना कुणा भक्ताने त्यांच्या हातांवर सुगंधी पाणी घालायचं. मग ते हात पुसून शालीखाली घ्यायचे आणि चांगला वेळ तसेच ठेवायचे, ‘मौनात’. त्या शालीखाली काय आहे, याचा अंदाज आम्हाला आता आला होता.

रविवारी सभागृह खच्चून भरलं. बबी पाळी संपवून तशीच आली होती, गोळ्यांची डबी मुठीत घट्ट धरून. भावोजी तिच्या पाठीशी. बाई शेवटच्या रांगेत, पर्स मांडीवर घेऊन, परीक्षेला पर्यवेक्षक बसावा तशा. मी घागर घेऊन मंचाच्या पायऱ्या चढले, तशी कुजबूज झाली.

“महाराज,” मी माइकजवळ जाऊन म्हणाले, “आज हातांची सेवा मला द्या. मी ताईची बहीण.”

महाराजांचा चेहरा काय उजळला म्हणता! विष देणारी बाई भरसभेत पायाशी आली होती. “बघा,” ते गर्दीला म्हणाले, “हट्टी खडकालासुद्धा पाझर फुटतो. ये बाई, ये.”

त्यांनी हात पुढे केले. मी देवाचं एक पद उचललं आणि पाणी घालायला लागले.

पाणी शीतगृहातलं होतं, बर्फ वितळवून केलेलं. वर अत्तर टाकलं होतं. पहिली धार पडली तसे महाराजांचे डोळे विस्फारले. पण पद सुरू झालेलं, सभागृह माझ्यामागे गाऊ लागलेलं. देवाच्या नामाच्या मध्येच हात मागे घेणार कसे? मी डोळे मिटले आणि धृपद घोळवत राहिले. एकेक ओळ परत घेतली. आळवली. पुन्हा घेतली. पद खरं होतं आणि माझं गाणंही खरं होतं. देवाला त्यात काही खोटं वाटलं नसावं. धार चालूच होती. मी डोळे किलकिले करून पाहिलं तेव्हा महाराजांच्या बोटांचा रंग मटार भरणाऱ्या पोरींच्या बोटांसारखा झाला होता.

“पुरे, पुरे,” ते पुटपुटले.

“शेवटचं कडवं, महाराज.”

पद संपलं. त्यांनी हात शालीखाली नेले असते, पण मी तेवढी सवड ठेवलीच नव्हती. कुंडातला थेंब घातलेली वडी शिष्याकडून घेऊन मी थेट त्यांच्या तळव्यावर ठेवली. “माझी भाची मरायला टेकलीय. तिला आधी तुमचा प्राण दाखवा, मग ती गोळ्या टाकेल.”

“दाखवा! दाखवा!” गर्दीतून आवाज उठले. महाराजांनी दुसरा तळवा वर झाकला. दुसरं करणार काय! श्वास मोजायला सुरुवात झाली. कधी नव्हे ते त्यांनी श्वास फार भरभर मोजले.

वडी भिंगाखाली गेली.

पडद्यावरचे जीव अगदी आचके दिल्यासारखे हलत होते. एक जरासा वळला आणि थबकला. एक तिथल्या तिथे कलला. बबीचा थेंबसुद्धा याच्यापुढे पळतोय असं म्हटलं असतं.

मग पहिल्या रांगेतल्या म्हातारीने हंबरडा फोडला, “अहो, महाराज चालले! धरा, धरा त्यांना!”

आणि भक्ती काय असते, ते त्या दिवशी महाराजांना कळलं. चारपाच जण मंचावर चढले. “झोपवा त्यांना!” “पाणी पाजू नका, प्राणजल द्या!” “अन्न बंद! त्यांनीच सांगितलंय, मंद थेंबाला अन्न बंद!”

“अरे, सोडा! मला काही झालेलं नाही!”

“सगळे असंच म्हणतात, महाराज,” शीतगृहातला एक धिप्पाड हमाल कळवळून म्हणाला. त्याने स्वतः आपल्या मधुमेहाच्या गोळ्या परातीत टाकलेल्या होत्या. “तुम्हीच विचारता ना? आज मी विचारतो. कसल्या गोळ्या घेता, महाराज?”

महाराज काही बोलण्याआधीच कुणीतरी त्यांची झोळी उपडी केली. त्यातून गोळ्यांच्या पट्ट्या घरंगळल्या, चांगल्या मूठभर. आणि कुणीतरी शाल ओढली, तर मांडीवरून गरम पाण्याची रबरी पिशवी धप्पदिशी खाली पडली.

“गोळ्या! म्हणून प्राण बुळबुळीत झाला! टाका परातीत!”

“नको!” महाराज किंचाळले. “त्या माझ्या रक्तदाबाच्या आहेत! टाकू नका, मरेन मी!”

“मग थेंब का रांगतोय?”

“अरे मूर्खांनो, हात गारठलेत माझे! तिने बर्फ ओतला हातांवर! गार हातात ते रांगणारच, कुणाच्याही!”

त्यांचा आवाज माइकमधून सगळ्या सभागृहात घुमला. हमालाचा हात परातीवर तसाच थांबला.

बबीने स्वतःचे हात वर करून पाहिले. पांढरीफटक बोटं, सुरकुतलेली टोकं.

“कुणाच्याही?” तिने विचारलं.

महाराजांनी ओठ चाटले.

“माझ्याही?”

आता बाई उठल्या. मंचावर गेल्या, खाली पडलेली रबरी पिशवी उचलली आणि बबीच्या हातात दिली. “धर घट्ट. आणि तोपर्यंत मंडळींनी बसून घ्यावं. धक्काबुक्की नको.” वर्गातला आवाज तो! हमालसुद्धा बसला.

मग त्याच कुंडातला थेंब, त्याच वडीत, बबीच्या उबदार हातात. पडद्यावर जीव उधळले. मग तीच वडी महाराजांच्या शेजारी बसलेल्या, आताच पाळीवरून आलेल्या माणसाच्या हातात. रांगले. मग दिवसभर सभागृहातच असलेल्या शिष्याच्या. पळाले. मग कुणाच्याच हातात नाही, नुसती पिशवीवर ठेवून. माणूस नाही, मंत्र नाही, आणि तरीही उधळले.

“पिशवीला प्राण आहे का हो?” बाईंनी विचारलं. कुणीतरी फिस्सकन हसलं. बाई सांगू लागल्या. “या जिवाच्या अंगभर केसांहून बारीक वल्ही असतात. ती सपासप मारून तो पोहतो. पाणी गार झालं की थोडं दाट होतं, आणि त्याच्या अंगातली कामंही मंदावतात. वल्ही हळू पडतात. ऊब मिळाली की भरभर पडतात. फार गरम केलंत तर मरून जाईल. त्याला तुमचं वय ठाऊक नाही, तुमचा आजार ठाऊक नाही, पाप तर नाहीच नाही. त्याला फक्त पाणी ठाऊक आहे. काच मुद्दाम जाड घेतली, हातातला गारवा भिंगाखाली टिकावा म्हणून. आणि सभा पाळी सुटताना का असते, ते आता तुमचं तुम्हीच ओळखा.”

“आणि हे दिसतंय काय, ते पण सांगा ना बाई,” मी म्हटलं. मला राहवलं नाही.

“चप्पलजीव,” बाई म्हणाल्या, आणि मी ते माइकवर सगळ्यांना पुन्हा सांगितलं. हसणं सुरू झालं ते थांबेना. थेंबमहाराज शाल आवरून मधोमध बसले होते आणि भोवती त्यांचेच भक्त पोट धरून हसत होते. मी ते डोळे भरून पाहिलं. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

हसले नाहीत ते एकटे भावोजी. ते पायऱ्या चढून महाराजांसमोर जाऊन उभे राहिले.

“माझ्या बायकोचा थेंब धावला होता.”

महाराज शाल सावरायला लागले.

“ती इस्त्री टाकून आली होती.” भावोजींचा आवाज चिरका झाला. “तुम्ही तिचा हातही धरला होतात, महाराज. केवढा गरम होता. तुम्हाला माहीत होतं.”

भावोजींनी हात उगारला नाही. नुसते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “मी तुला काय काय बोललो.” मी म्हटलं, “नंतर. आधी पोरीला सांभाळा.”

लोक परातीकडे धावले तेव्हा बाईंनी पुन्हा आवाज चढवला. “त्या ढिगातलं काहीही तोंडात घालू नका! कुणाची कुठली गोळी, कळणार नाही. ज्यांनी बंद केल्या असतील त्यांनी आजच आपल्या डॉक्टरांकडे जा.” पोलिसांना फोन मीच केला. ते येईपर्यंत महाराजांना कुणी बोटही लावलं नाही, पण दारही कुणी सोडलं नाही. ताईबद्दलची माझी तक्रार आता कोर्टात आहे. लागेल तितका काळ मी तारखांना जाणार आहे.

बबीने त्याच मंचावर, डबी उघडून, त्या दिवसाची गोळी घेतली. पाणी मी दिलं, साधं, नळाचं.

मला लोक विचारतात, तुम्ही एवढ्या देवभोळ्या आणि हे कसं केलंत? मी सांगते, देव मानते म्हणूनच केलं. ज्याने एका थेंबात वल्ह्यांनी पोहणारे जीव घातले, त्याला कुणाच्या शालीखालच्या गरम पिशवीची गरज नसते. चमत्कार दाखवणारा भेटला तर हात जोडायची घाई करू नका. तोच चमत्कार दुसऱ्याच्या हातून करून मागा, वेगळ्या वेळी मागा, त्याच्या मर्जीबाहेर मागा. खरं असेल ते टिकेल. जो विचारू देत नाही, त्याच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी आहे. आणि औषध सुरू करायचं की थांबवायचं, हे डॉक्टर ठरवतील. पडदा नाही, थेंब नाही, गर्दी तर नाहीच नाही.

माझी बहीण काही परत येणार नाही. तुमची असेल घरात. हे वाचून झालं की उठा, आणि तिला विचारा, आजची गोळी घेतलीस का.